फेरी मोडेपर्यंत उठायचं नाही

मुखेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा अम्मी रडत होती आणि अब्बा कंडक्टरशी हुज्जत घालत होते. माझी वळकटी टपावर टाकायची की आत ठेवायची, यावरून. अब्बांचं कापडाचं दुकान, त्यामुळे वळकटीवरची चादर कोरी करकरीत होती आणि ती मळेल म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता. पोरगी चालली याचं दुःख माणूस असं भलतीकडंच काढतो, हे मला तेव्हा कुठलं कळायला! मला नुसती लाज वाटत होती. गाडी हलली तसे ते खिडकीशी आले. "रोना नक्को. दिल घबराया तो एक शेर बोल लेना." अम्मी रडता रडता भडकली, "बच्ची डाक्टर बनने जा रई, मुशायरे कू नई!"

आपा, तू मुखेडात राहिलीस, हा तमाशा तू स्वतः पाहिलास. पण लातूरचं मी तुला कधी धड सांगितलंच नाही. फोनवर आपण भाव, लग्नं आणि गुडघे यापलीकडं जात नाही. इथे शारजात आमच्या फार्मसीत माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या दोघी-तिघी आहेत. ब्रेकमध्ये कॉफी घेताना त्या आपापल्या घराचं सांगतात आणि मग मला विचारतात, तुझं कुठलं? मी मुखेड म्हणते. खोटं नाही ते, पण पुरतं खरंही नाही. म्हणून आज लिहायला बसले.

भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लातूर शहर तसं उभं होतं, पण माणसं आतून हलली होती. बरेच जण अजून अंगणातच पथाऱ्या टाकत. आणि त्याच गल्ल्यांतून क्लासच्या पाट्या मात्र पावसाळ्यातल्या भूछत्रांसारख्या उगवत होत्या. जो तो बारावीचा. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. आमच्या क्लासचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "अवांतर वाचन बंद. गोष्टी-कविता म्हातारपणी वाचा." मी गोष्टींची दोन पुस्तकं उशीच्या अभ्र्यात शिवून आणली होती. मेलं ते म्हातारपण, म्हटलं. अभ्यासाचा वीट आला की उशीची शिवण उसवून चार पानं वाचायची आणि परत टाके घालायचे. तेवढ्यावर आठवडा निघायचा.

सरूमावशीच्या घरी आम्ही चौघी भाड्यानं एका खोलीत राहायचो. मावशी विधवा, तोंडानं फटकळ, सकाळी नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला असा करायची की दाणा न् दाणा मोकळा. चौघींतली एक सुनंदा. ती भूकंपाच्या पट्ट्यातली होती. आई आणि धाकटी बहीण घराच्या दगडांखाली गेल्या. वडील आधीच वारलेले. चुलत्यानं तिला लातुरात आणून ठेवलं, कारण मार्क चांगले होते आणि तिच्या आईचा हट्ट होता की पोरगी शिकली पाहिजे.

पण सुनंदा छताखाली बसेना. क्लासमध्ये दारापाशी बसायची आणि मधेच उठून बाहेर जायची. खोलीत पाच मिनिटं टेकली की डोळे वर, स्लॅबकडं. झोपायची अंगणात. मावशीनं दसऱ्यापर्यंत कळ काढली, मग म्हणाली, "पोरीची जात हाय, रस्त्यावरचं अंगण हाय. उद्या काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" तिनं चुलत्याला निरोप धाडला. चुलत्याचं उत्तर आलं की रविवारी येतो, पोरीला घेऊन जातो. शिकायचं जमत नसंल तर एक स्थळ हाय, तुळशीच्या लग्नानंतर उरकून टाकू. चुलता वाईट नव्हता, आपा. त्याचंही घर गेलं होतं, तोही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. पण सुनंदानं ते ऐकलं आणि जेवणच टाकलं. मला तिची दया आली असं नाही म्हणणार. मला राग आला. सगळ्या जगाचा.

संध्याकाळी लाइट गेली की अभ्यास बंद. अख्ख्या लातुरात पोरांना तेवढीच काय ती सुट्टी. त्या सोमवारी लाइट गेल्यावर मी चटई अंथरली आणि म्हटलं, चला, आमच्या घरची बैतबाजी खेळू. एकीनं शेर म्हणायचा, तो ज्या अक्षरावर संपेल ते धरून दुसरीनं. आपल्याकडचा नियमही सांगितला: फेरी मोडेपर्यंत चटईवरून उठायचं नाही. जी अडली किंवा उठली ती हरली, तिनं सगळ्यांचा चहा करायचा. बाकी दोघींना शेर येईनात, त्यांना भावगीतं चालतील म्हटलं. सुनंदा उंबऱ्यावर बसली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी अब्बांनीच रचलेला म्हटला:

बिन बुलाए आ गई है याद, बैठी है यहीं
चाय उसको भी पिला दो, वो कोई दुश्मन नहीं

ह आला. दोघी डोकं खाजवत बसल्या. आणि उंबऱ्यावरून हळू आवाज आला:

हिरव्या नदीकाठी डुलते लव्हाळी
लेक चालली शाळंला उगवत्या सकाळी

"माझी आई जात्यावर म्हणायची," सुनंदा म्हणाली. मग माझ्या लक्षात आलं. पुढचं अक्षर ळ! ळ वरून कोण काय म्हणणार? "कपाळ!" मी ओरडले. सुनंदा हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही तिचे दात पाहिले. चहा मला करावा लागला.

मग रोज. मंगळवारी ती चटईच्या कडेला आली, बुधवारी अख्खी चटईवर. पोरीकडं आईच्या ओव्यांचा साठा होता, संपता संपेना. तिला जिंकायचं होतं, म्हणून ती उठत नव्हती. शेवटचं अक्षर पकडायच्या नादात तिचे डोळे छताकडं जायचे राहून जात. पण रात्री पथारी अंगणातच.

रविवारी चुलता आला. दिवेलागणीची वेळ, लाइट गेलेली, आमची फेरी रंगात. मावशीनं त्याला ओसरीवर पाणी दिलं. तो दारात उभा राहून म्हणाला, "ऊठ सुनंदा, आवर. गाडी चुकंल."

तेवढ्यात घरासमोरून उसाचा ट्रक गेला. जमीन थरथरली, मांडणीवरची भांडी खणखणली, एक पेला खाली पडून गडगडत गेला. चुलता उडी मारून अंगणात गेला, खरंच गेला. सुनंदानं दोन्ही हातांनी चटई घट्ट धरली होती. माझा शेर 'याद'वर संपला होता. द तिच्याकडं होता. आणि ती डोळे मिटून म्हणाली:

दळण दळता गं आला पदराला घाम
लेकी तू वाचत बस, मला राहू दे काम

मग चुलत्याला म्हणाली, "फेरी चालू हाय काका. उठले तर हरंन."

चुलता अंगणात उभाच. टोपी काढून तोंड पुसलं. "वहिनीची ओवी हाय ही," एवढंच म्हणाला. मग मावशीकडं वळून, "ऱ्हाऊ द्या तिला. तिच्या आईनंच सांगितलं की." आणि एकटाच स्टँडकडं गेला. मी रडले, बाकीच्या दोघीही रडल्या. रडली नाही ती फक्त सुनंदा. ती म अक्षराची वाट बघत बसली होती.

मी डॉक्टर झाले नाही, हे तुला माहीतच आहे. डॉक्टरकीला लागतात तेवढे मार्क पडले नाहीत आणि मी फार्मसीला गेले. सुनंदा बारावी पास होऊन डी.एड.ला लागली, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. कवितेनं तिची भीती गेली असं मी म्हणणार नाही. भीती तिथंच होती. पण तिच्या शेजारी बसता येतं, एवढं आम्हाला कळलं.

इथे अकराव्या मजल्यावर सगळं आहे. एसी, लिफ्ट, वाण्याची डिलिव्हरी, बंद होताना आवाजसुद्धा न करणारी दारं. मुखेडला आले की तू माझी गादी घालतेस, तेही घरच. पण घर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आधी येते ती त्या रविवारची रात्र. सुनंदानं पहिल्यांदा पथारी आत घातली आणि म्हणाली, दार उघडं ठेवलं तर झोपंन. रस्त्यावरचं घर, चार पोरी, आणि दार उघडं! आम्ही मावशीकडं पाहिलं. आता ही शिव्या घालणार, असंच वाटलं. मावशी आत गेली, आपली बाज ओढत आणली, उघड्या दारात आडवी टाकली आणि रस्त्याकडं तोंड करून निजली. हिवाळाभर ती तिथंच निजली.