जमनाच्या नावाची बाटली

तेव्हा आमच्या कोरीटच्या घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. सासरे, सासू, आमचे मालक, त्यांचं नाव मी अजून घेत नाही, धाकटा दीर मोहन, त्याची बायको जमना, आणि मी. आणि नंदुरबारहून सायकलवर येणारा तो थुंकीवाला डॉक्टर. त्या घरातली आता मी एकटी उरले.

माणसाच्या थुंकीवर एवढा जीव लावणारा माणूस देवाने एकच केला असेल. दवाखान्यातला डॉक्टर नव्हता तो, शोध लावणारा होता. क्षयाचा जंतू कुठे राहतो, कसा वाढतो, बारा महिने तेच. भेटला की रामराम नाही, "खोकला आहे?" हेच पहिलं. एका लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतो आहे, आणि हा मान वळवून मागे कोण खोकलं ते बघतो आहे. अक्षता मुठीत तशाच ठेवून खोकणाऱ्याला मांडवाबाहेर घेऊन गेला. भिलाटीतून, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतून, अंडी विकत घ्यायचा. आमच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून सासू त्याला पाणी वरून ओतायची. तो म्हणाला, "आई, मी नाही खात. जंतू वाढवायला लागतात. ते दुसऱ्या कशावर धड वाढत नाहीत." सासू म्हणाली, "सोताना पोटले भाकर नही, अन् किडास्ले अंडा चारी ऱ्हायना." एकदा त्याने पितळी यंत्र आणून मला एका डोळ्याने बघायला लावलं. निळ्यात बारीक लाल काड्या. "हाच तो," म्हणाला, घरातला पोरगा दाखवावा तसा.

त्याची रीत अशी. सोमवारी ज्याच्या त्याच्या नावाची बाटली देऊन जायचा. सकाळी उठल्यावर खोल खोकून तिच्यात थुंकायचं, मंगळवारी तो घेऊन जायचा. जंतू दिसला तर गोळ्या आणि सुया, नाही दिसला तर नाही. औषध थोडं होतं. आम्हाला हे कुठे कळत होतं? आम्हाला वाटायचं बाटली म्हणजे कागदावरच्या अंगठ्यासारखी, भरून दिली की काम झालं.

जमना मिरचीच्या पथारीवर जायची. मिरच्या वाळवतात त्या मैदानात सगळेच खोकतात, म्हणून तिच्या खोकल्याकडे कोणी बघितलं नाही. मग ती वाळत गेली आणि तिच्याही नावाची बाटली आली. घर एवढंसं, ओट्यावर सासरे बसलेले. सासऱ्यापुढे सुनेचा शब्द निघत नव्हता, बेडका कुठून निघणार? पदराचा बोळा तोंडात धरून ती खोकला गिळायची. मला म्हणाली, "बाई, सासरा ओटावर बठेल शे. मन्हा खोकला आख्खी गल्ली ऐकी. तूच थुकी दे वं मन्हा नावनं." मी परसात जाऊन थुंकले.

चिठ्ठी आली, जंतू नाही. त्याने तिच्या पाठीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नळी एक सांगते, बाटली दुसरंच." पुन्हा बाटली दिली. या वेळी माझा हात अडला. पण जमना म्हणाली, "जंतू दिसी गया ते माले माहेर धाडी देतीन." मी भरली. तिसरीही मीच भरली. तो म्हणाला, "तीन बाटल्या खोटं बोलत नाहीत," आणि सायकलवर बसून गेला. होळीच्या आधी जमनाच्या तोंडातून रक्त आलं. होळी पेटली तेव्हा ती नव्हती.

तेराव्यानंतर तो आला, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. रागावला असता तर बरं झालं असतं. सायकल भिंतीला टेकवून खाली बसला. साध्या आवाजात म्हणाला, "असं आणखी कोणाच्या घरी होतं?"

मी म्हटलं, "ज्या घरमा सासरा शे, त्या समद्या घरमा."

या गावांत बायकांना क्षय कमी, असं तो वर्षानुवर्षं लिहीत आला होता. ते कुठेतरी छापूनही आलं होतं. त्याने वही काढली आणि बाईचं एकेक नाव आडवी रेघ मारून खोडलं. मी ठेवलेल्या चहावर साय धरली. वही संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

पुढे तो मंगळवारी सकाळी आला की आधी सासरे लोकांना गोळा करून पारावर बसायचा. त्यांच्याशी कापसाच्या गोष्टी काढायचा, त्यातलं काही कळत नव्हतं त्याला. "याची मुळं खाता का तुम्ही?" असलं विचारायचा. म्हातारे पोट धरून हसायचे, आणि तेवढ्या वेळात घराघरांत आम्ही बायका मोकळं खोकून घ्यायचो. लाल काड्या निघायला लागल्या. किती जणी जगल्या मला मोजता येत नाही. जमना त्यांत नाही.

मोठं नाव झालं नाही त्याचं. आपलंच लिहिलेलं खोडणाऱ्याला कोण हार घालणार? एका वर्षी सायकल आली नाही. बदली झाली म्हणाले, कुठे ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

हे वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. घरात सून खोकत असली तर थोडा वेळ उठून बाहेर जा. तिला खोकू द्या.