बैठकीतला तीरकामठा

हसणार असाल तर आधी कपातला चहा संपवून घ्या, मग सांगतो. मागच्या लोकसभेला मी जो गाढवपणा केला, तो शहाद्यापासून प्रकाश्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालाय. तुम्हीच तेवढे राहिलात.

सगळ्याचं मूळ माझा साडू. भगवान. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही हो, तोच तर त्रास आहे! वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण त्याची केळी माझ्या आधी कापणीला येते, त्याच्या पोराला पहिल्या फटक्यात नोकरी लागते, आणि रंग म्हणाल तर गोरापान. मी कसा आहे ते तुम्ही बघताच आहात. त्याच्या लग्नात सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना शेजारी बसवून ओवाळलं, तेव्हापासून मी जळतोय. जळून जळून जास्तच काळा झालो, असं बायको म्हणते.

पण लोकसभेला त्याने हद्दच केली. उमेदवार त्याच्या ओट्यावर बसून भरीत-भाकरी जेवून गेला! उमेदवाराच्या खांद्यावर हात ठेवलेला साडूचा फोटो दिवसभर सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर फिरत होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं जळण्यासारखं काय? सांगतो. आमचा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव. म्हणजे आम्ही तापीकाठचे पाटील कितीही एकर बाळगून असलो तरी दिल्लीला जायला उभे राहू शकत नाही. जाणारा माणूस सातपुड्यातलाच. खोटं कशाला बोलू, पोटात दुखतं! चारचौघांत आम्ही सगळे 'आपले आदिवासी बांधव' म्हणतो आणि घरी येऊन कुरकुरतो. मग आमच्यात चढाओढ उरते ती एवढीच, की उभा राहिलेला माणूस कोणाच्या ओट्यावर बसला.

आणि तो बसला भगवानच्या!

“दखा, दखा!” बायको मोबाईल माझ्या नाकाशी धरून म्हणाली. “भगवानभाऊकडे उमेदवार सोता जेवी गया. आपलाकडे कोन येस? मीटर वाचनारा!”

मी तसाच उठलो आणि गावातल्या सुरेशअण्णाकडे गेलो. उमेदवाराचा आमच्या भागातला दौरा तोच ठरवत होता.

“अण्णा, साहेबले मन्हाकडे बी आन ना.”

“भाऊ, साहेबले आते टाईम नही शे. त्यास्ना घरनं कोनीतरी येई. दहा मिनिट बठतीन, चहा लेतीन. चाली का?”

“चाली काय, पळी!” मी म्हणालो.

घरचं कोण, हे विचारलं का मी? नाही. विचारायचं काय त्यात? साहेब मोलगीच्या पलीकडचे, डोंगरातले. त्यांच्या घरचं माणूस डोंगरातल्या माणसासारखं असणार. बघितल्याबरोबर ओळखू की! इथेच माती खाल्ली.

मी तयारीला लागलो. साडूने भरीत दिलं ना? मग आपण त्यांना अगदी घरच्यासारखं वाटेल असं करू. मोलगीच्या बाजारातून बांबूची टोपली आणली, तीत तिकडचाच आमचूर भरून ठेवला. आणि बैठकीतल्या भिंतीवर, देवांच्या फोटोंच्या बरोबर खाली, तीरकामठा टांगला. कुठून आणला? अहो, शाळेच्या गॅदरिंगमधला! सामानाच्या पेटीत पडून होता, मास्तरांकडून मागून आणला.

“हाई काय शे?” बायकोने विचारलं.

“तुले नही समजाव. त्यास्ले आपलं घर वाटाले पाहिजे.”

“त्या काय आठे शिकारले येई ऱ्हायनात?”

बायकांना राजकारण कळत नाही, असं म्हणून मी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी गाडी दारात आली. अण्णा मागच्या गाडीत होता आणि ती गाडी चौकात कोणाच्या तरी सत्कारात अडकली. म्हणजे ओळख करून द्यायला कोणी नाही. पण मला ओळखीची गरज होती कुठे?

पुढच्या दारातून एक काळासावळा, दणकट, मिशीवाला गडी उतरला. पांढरा शर्ट, पांढरी पँट. मागच्या दारातून एक उंच, गोरी, जीन्स घातलेली पोरगी उतरली. डोळ्यांना काळा चष्मा, हातात मोबाईल. मी मनात म्हटलं, ठरलं! हा साहेबांचा सख्खा भाऊ, आणि ही मुंबईची चॅनलवाली.

धावलो आणि हार घातला. कोणाला? मिशीवाल्याला!

“ओ भाऊ, मले कसाले...” तो मागे सरकायला लागला.

“बोलू नका! आज आमचा ओटा पावन झाला!” मी म्हणालो. अगदी शुद्ध मराठीत, सावकाश आणि मोठ्याने, कारण डोंगरातल्या माणसाला समजलं पाहिजे ना!

“आहो, ताईस्ले पहिले...”

“ताईंनाही चहा मिळेल! तुम्ही आधी बसा.” मी त्याला दंडाला धरून बैठकीत नेला आणि तीरकामठ्याखालच्या खुर्चीत बसवला. “आणि तुम्ही आमची अहिराणी किती छान बोलता हो!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “मंग काय बोलू?”

बिचारा लाजतोय, असं मला वाटलं. मग मी भाषणच ठोकलं. म्हटलं, आम्ही आणि तुम्ही एकच. आम्ही रंग बघत नाही, जात बघत नाही. तुमचं रक्त आणि आमचं रक्त एकच. आदिवासी म्हणजे आमचा थोरला भाऊ! तो घाम पुसत नुसता मान हलवत होता. दारात ती पोरगी भिंतीला टेकून सगळं ऐकत होती, आणि ओठ असे घट्ट मिटलेले, की मला वाटलं भाषणाने भारावली.

तिच्या हातात मी माझा मोबाईल दिला. “मॅडम, एक फोटो काढा. मागचा तीरकामठा आला पाहिजे. आणि मी जरा काळा येतो, तेवढं सांभाळा.”

“काढते की काका. माझ्याही मोबाईलवर काढू?”

“काढा ना! जगाला दाखवा!”

मी मिशीवाल्याला असा कवटाळला की त्याचा हार माझ्याही गळ्यात आला. तिने दोन्ही मोबाईलवर फोटो काढले. मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, “हा तीरकामठा कुणाचा, काका?”

आता गॅदरिंगचा म्हणून कसं सांगणार? “आमचा! वाडवडिलांचा!”

“हो? आमच्या घरी नाही बाई आता.”

मी म्हटलं, मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुठून असणार!

ती हसली आणि सरळ आत स्वयंपाकघरात गेली. बरंच झालं. मी तेवढ्यात फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'साहेबांच्या सख्ख्या भावाचं आमच्या घरी स्वागत.' काय सांगू तुम्हाला, काय गारवा वाटला छातीत! साडूकडे उमेदवार एकटा आला होता. माझ्याकडे त्याचं रक्ताचं माणूस आलं होतं.

लगेच भगवानचा फोन.

“भाऊ, हाऊ तर मन्हा चुलतभाऊ संतोष शे! सुरतहून उना आनि आते त्या ताईना डायवर शे. मन्हा लगीनमा पंगतले तुमना शेजारेच बठेल व्हता!”

मी संतोषकडे बघितलं. संतोषने हळूच हार काढून मांडीवर ठेवला.

“मी कवयनं सांगी ऱ्हायनू, भाऊ,” तो म्हणाला. “तुम्ही बोलूच नही दिनं.”

आमच्याच समाजाचा! पाटील! आणि त्याला मी सांगत होतो, तुमचं-आमचं रक्त एकच!

तेवढ्यात अण्णा धापा टाकत आत आला. “ताई कोठे शे?”

“कोनती ताई?”

“साहेबनी पोर! डॉक्टर! पुण्याले ऱ्हास!”

मी आत धावलो. स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर साहेबांची गोरीपान, उंच, डोंगरातली लेक परातीशी बसून भाकरी थापतेय, आणि माझी बायको तिला मिरचीचा ठेचा वाढतेय. दोघी अशा गप्पांत, जसं काही माहेरपणाला आल्या आहेत. बायकोने पहिल्या वाक्यातच नाव-गाव विचारून घेतलं होतं! आणि वर दोघींचा एकत्र फोटोही काढून झाला होता.

त्या क्षणी मला भगवानपेक्षा जास्त राग बायकोचा आला. फोटो हवा होता मला, आणि मिळाला हिला!

“ताई, एक फोटो,” मी म्हणालो.

“काका, आता पुढच्या गावाला उशीर होतोय. पण फोटो झालेत की आपले! मी आमच्या ऑफिसला पाठवलेसुद्धा, पेजवर टाकायला.” तिने मला वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसली. संतोष गाडी वळवताना माझ्या नजरेला नजर देईना. मीही देईना.

तरी मनाची समजूत घातली. म्हटलं, उमेदवाराच्या पेजवर आपला फोटो येणार, हेही काही कमी नाही. भगवानचा फोटो भगवाननेच टाकला होता. माझा ते टाकणार!

संध्याकाळी आला. दोन काळेसावळे गडी, एकाच हारात अडकलेले, समोर आमचुराची टोपली, मागे तीरकामठा. आणि खाली लिहिलेलं, 'आपल्या वाडवडिलांच्या तीरकामठ्यासह आदिवासी शेतकरी बांधवांचा साहेबांना पाठिंबा!'

दोन पाटलांचा फोटो हो! ऑफिसात बसलेल्या पोरांनी बघितलं असेल रंग, बघितला असेल तीरकामठा, आणि ठरवून टाकलं असेल. अशी माणसं बघून ठरवायची? मी संतापलो! अण्णाकडून ताईंचा नंबर घेतला.

“ताई, ते फोटोखाली जे लिहिलंय, ते जरा...”

“हो काका, आत्ताच पाहिलं मी. मुलांनी फोटो बघून अंदाजाने लिहिलं. बदलायला सांगू?” आणि मग अगदी गोड आवाजात, “आदिवासी म्हटल्याचा तुम्हाला कमीपणा वाटत असेल, तर लगेच काढायला लावते.”

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? दुपारी थोरला भाऊ मीच म्हणालो होतो ना? आणि शेजारी बायको कान लावून बसलेली.

“छे, छे! कमीपणा कसला!” मी म्हणालो. “राहू द्या, ताई.”

“नक्की ना?”

“नक्की.”

राहिला मग. अजून आहे. भगवानच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी बघितला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या पुढे गेलो, आणि ते कोणाला सांगायची सोय नाही!

पण भगवान दिलदार माणूस. त्याने तो फोटो मोठा करून, काच लावून, दिवाळीला भेट म्हणून पाठवला. बायकोने कौतुकाने बैठकीत लावला. आता घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर उभा राहतो, निरखून बघतो, आणि मला विचारतो,

“भाऊ, ह्यामा तुम्ही कोनता?”