आमच्या वसाहतीचं मसण

सही करायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, आणि त्याच सहीनं मी आमच्या वसाहतीचं मसण घालवलं. हे सांगताना आजही कानशिलं तापतात. स्वतःचा राग येतो तो येतोच. पण ज्यांनी ती सही घेतली त्यांचं काय करावं, ते तुम्हीच सांगा.

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही मूळचे घाटावरचे. धरण झालं, आमची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि सरकारनं आम्हाला ट्रकात घालून इकडं काशीदच्या अंगाला एका माळावर आणून उतरवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. समुद्र बघून माझी आजी रडायलाच लागली. तिला वाटलं, धरणाचं पाणी मागं मागं इथवर आलं! कागदावर आमचं नाव ‘पुनर्वसन वसाहत’. जुन्या गावाच्या तोंडी मात्र ‘धरणवाले’, नाहीतर ‘घाटी’. साठ वर्षं होऊन गेली. माझी नातवंडं इथली बोली इथल्यांपेक्षा झ्याक बोलतात, तरी घाटीच.

ती आजी पहिल्याच वर्षी गेली. जुन्या गावाच्या मसणवटीकडं नेली तर चारजण आडवे. “ही आमची जागा हाय. तुमचं मढं इथं न्हाय जळायचं. तुमची जागा तुमी बघा.” मग माझ्या बापानं खाडीच्या तोंडाशी खडकाळ तुकडा शोधला. निवडुंग आणि केवडा सोडून तिथं काही नव्हतं, म्हणून कुणी अडवलं नाही. आजीला तिथं अग्नी दिला. पुढं आई-बाप, सासू-सासरे, थोरले दीर, माझा नवरा, सगळे तिथंच गेले. माझं दीड महिन्याचं लेकरू तिथंच पुरलंय. तेव्हा ती जागा कुणालाच नको होती. आता तिला ‘सी-व्ह्यू’ म्हणतात.

शाळा मला मिळाली नाही. अक्षरं शिकले एसटीच्या पाट्यांवरून. अलिबाग, मुरूड, रेवदंडा. कंडक्टर हसायचे, पण सांगायचे. त्यामुळं छापील मोठं अक्षर मला येतं. हातानं घाईत लिहिलेलं, एकात एक गुंतलेलं, ते येत नाही. सही मात्र चुलीपुढच्या राखेत गिरवून गिरवून बसवली.

आमच्याकडं ग्रामसभेला माणसं जमत नाहीत. म्हणून सभा कचेरीत आणि सह्या घरोघरी, अशी रीतच पडली होती. पंचायतीचा शिपाई हजेरीचं बुक घेऊन फिरायचा. त्या दिवशी मी मांदेली साफ करत होते.

“आत्या, सही द्या. वसाहतीचं गटार मंजूर करायचंय.”

“अंगठा नाही हो, मी सही करते.”

“तुमची सही म्हंजे कलेक्टरची सही, आत्या!”

फुगले मी. हात धुतले, पदराला पुसले आणि झोकात सही ठोकली. वर शेजारणींना हाका मारल्या, “या गं, गटार होतंय!” आळीतल्या साऱ्या बायकांनी सह्या-अंगठे दिले.

काही महिन्यांनी माझी थोरली जाऊ वारली. पुरुष तिरडी घेऊन गेले आणि थोड्या वेळानं आरडाओरडा ऐकू आला, म्हणून आम्ही बायकाही धावलो. बघतो तर तारेचं कुंपण, लोखंडी फाटक आणि खुर्चीवर वॉचमन. परमुलखातला, नवा माणूस. त्यानं तिरडीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, “किसके पास जाना है?”

माझा पुतण्या हातात विस्तवाचं मडकं धरून उभा होता. तो म्हणाला, “बापाकडं जायचंय. माझा बाप आहे आत.”

फाटक उघडलं नाही. जागेचा नवा मालक मुंबईला, फोन लागेना. शेवटी कुंपणाबाहेरच्या ओल्या वाळूवर चिता रचली. लाकडं पेटता पेटेनात, आणि भरती चढायला लागली. आम्ही बायका दगड लावून पाणी अडवीत बसलो. माझ्या जावेनं जन्मभर कुणाचं वाईट केलं नाही हो. तिला असं जाळायचं?

तेरावं झालं आणि मी ग्रामसेवकापुढं जाऊन उभी राहिले. त्यानं शांतपणे बुक काढलं. “मावशी, ती जागा मुंबईच्या मालकाला द्यायला ग्रामसभेनंच ना हरकत दिलीय. वसाहत ती जागा वापरत नाही, जुन्या गावचं स्मशान वापरते, असा ठराव आहे. ह्या बघा सह्या. ही तुमचीच ना?”

माझीच होती. सगळ्यात वर.

“मला गटार सांगितलं होतं!”

“वाचून सही करायची असते, मावशी.”

बस्स. त्या एका वाक्यानं मी निवडणुकीला उभी राहिले. ह्यांनी आम्हाला शाळा दिली नाही, सभेला बोलावलं नाही, आणि मला सांगतात वाचून सही करा!

आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव होती. आजवर बाई निवडून यायची आणि खुर्चीत तिचा नवरा बसायचा. मला नवरा नाही, त्यामुळं तो प्रश्नच मिटला. सरपंच नाक्यावर चारचौघांत म्हणाले, “ही धरणवाली आता पंचायत चालवणार? उद्या समुद्रावर धरण बांधायला काढील!”

मी म्हटलं, “बांधीन की! आणि तुम्हाला ट्रकात घालून घाटावर सोडीन. माळ बघून ठेवलाय, खडकाळच आहे.” त्यांचीच माणसं हसली. वसाहतीनं मला भरभरून मतं दिली.

निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात शिपाई परत दारात. “आत्या, आता तर तुमी मेंबर. तुमाला हेलपाटा कशाला?” मी बुक काखेत मारलं आणि तशीच कचेरीत गेले. म्हटलं, “आता ह्यातली ओळन् ओळ मोठ्यानं वाचा. मी ऐकते.” ग्रामसेवकाचा घसा कोरडा पडला, मी पाणी दिलं, पण थांबू दिलं नाही.

पुढच्या ग्रामसभेला सारी वसाहत घेऊन गेले. जुन्या गावातली एक कोळीण उठली, माझ्याच वयाची. म्हणाली, “माज्या बापानं ह्यांची तिरडी अडवली व्हती. मी बघितलंय. ह्यांची जागा खाडीवरच हाय.” ती माझ्या बाजूनं बोलली, तरी मला तिचा राग आला. साठ वर्षं कुठं होतीस गं बाई? पण तिचं ऐकून बाकीच्यांनीही हात वर केले आणि जुना ठराव रद्द झाला.

ठराव रद्द झाला, कुंपण नाही. मग अलिबागला कलेक्टर कचेरीच्या चकरा. फाईल वर गेलीय, फाईल खाली आलीय. परवा साहेब हसून म्हणाले, “आजी, एवढी कसली घाई?”

मी म्हटलं, “साहेब, मी सत्तरी ओलांडलीय. आता फाटकावर जाईन ती पायांनी नाही, खांद्यावरून. तेव्हा ते बंद दिसलं तर तिरडी सरळ तुमच्या टेबलावर आणायची, असं पोरांना सांगून ठेवलंय.”

त्यांनी चहा मागवायला हाक मारली. म्हटलं, चहा नको, जागेच्या मोजणीची तारीख द्या.

तारीख दिलीय. कुंपण अजून उभं आहे.