महादेवासमोर मोजलेले दाणे

मे महिन्यातला शेवटचा सोमवार, सकाळचे नऊ. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या शेतकरी कंपनीचे गोदाम. सोयाबीन बियाण्याच्या सहाशे बॅगा, प्रत्येकी तीस किलो. हजर तिघे: अध्यक्ष म्हणून मी, आमचे व्यवस्थापक देवरावभाऊ आणि ट्रकचा ड्रायव्हर. माल अकोल्याच्या दुकानदाराकडे जायचा होता. फक्त माझी सही बाकी होती.

उगवण चाचणीच्या अहवालात शंभरातले बहात्तर दाणे उगवल्याची नोंद होती. सत्तरच्या खाली आकडा गेला, तर माल बियाणे म्हणून विकता येत नाही. पण नमुना काढताना मी तिथेच होतो. देवरावभाऊंनी तो थप्पीच्या वरच्या बॅगांतून घेतला होता. खालच्या बॅगा हमालांनी आपटल्या होत्या, त्यांच्यावर ओझेही फार होते. सोयाबीनची साल नाजूक असते. असा मार खाल्लेला दाणा मातीत कुजतो. हे ठाऊक असून मी गप्प बसलो होतो, कारण एकवीस सभासदांना बियाण्याचा भाव, धान्यापेक्षा चढा, मीच कबूल केला होता.

पेन उघडले, पण हात चालेना. महादेवाला पाणी घालून येतो, म्हणालो.

"देवाले ईचारून या साहेब," देवरावभाऊ हसले, "पण लवकर या. ड्रायव्हर बोंबलून राहिला."

देवळात उभा राहून मी खरे तर सौदाच करत होतो. एवढा माल जाऊ दे, पुढच्या वेळी नीट नमुना घेईन. तेवढ्यात पायरीवरून हाक आली.

"बाबू, मले एवढं मोजून दे नं."

एक अनोळखी म्हातारी ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडत होती. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे तिने त्यात उगवायला घातले होते.

"काहून मावशी, तुमाले मोजता येत नाई?"

"येते ना बाप्पा! पण आपलं आपण मोजलं का जास्तच येते. म्हणून देवापुढं दुसऱ्याच्या हातानं मोजते."

मी मोजू लागलो. काही कोंब वाकडे, अर्धवट होते. तिला बरे वाटावे म्हणून धरावेत, असे मनात आले. धरले नाहीत.

"अठ्ठावन," मी चाचरत म्हणालो.

"बरं झालं, समजलं त. आता दाट पेरीन. पेरल्यावर समजलं असतं त काय केलं असतं?"

तिने गोणपाट झटकले, पिंडीला हात जोडले आणि गेली. ती कुठली, हे मी विचारले नाही. नंतर ती कधी दिसली नाही.

परत येऊन ट्रक रिकामा पाठवला. देवरावभाऊ तडकले, "सभासदाईले तोंड कोण दाखवीन?" मी म्हणालो, "मी." खालच्या बॅगांतून नवा नमुना दोन सभासदांच्या हातांनी काढला, मोजलाही त्यांनीच. सातव्या दिवशी आकडा आला: एकसष्ट.

सभेत मी सगळे सांगितले, माझे गप्प बसणेही. शिव्या खाल्ल्या. अध्यक्षपद राहील की जाईल, ही काळजी त्या दिवशी पहिल्यांदाच महादेवावर सोडली आणि शांत झोप लागली. ती बाई कोण होती, यावर मी वाद घालत नाही. तिला माझ्यापर्यंत ज्याने आणले, त्याचा मी ऋणी आहे.

माल धान्य म्हणून बाजारात गेला. एकवीसही सभासदांना बियाण्याचा नव्हे, धान्याचा भाव चुकता केला. त्या मालातले अठरा क्विंटल माझे होते.