उभे ते धरू नका

अख्खं शहर त्यांना खुर्चीशेठ म्हणायचं, आणि त्यांना ती पदवी वाटायची. वडिलांनी मागे ठेवलेल्या घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर त्यांनी धंदा उभा केला होता. लग्न असो, शोकसभा असो, शाळेचा बक्षीस समारंभ असो, खुर्च्या शेठच्याच. खाली गोडाऊन, वर राहायच्या दोन खोल्या आणि पुढे टेम्पो वळेल एवढं अंगण, असा त्यांचा संसार. स्वतः मात्र ते कुठल्याही कार्यक्रमात बसायचे नाहीत. मागच्या भिंतीशी हाताची घडी घालून उभं राहायचं आणि कोण कसं बसलंय ते बघून नाक मुरडायचं, यात त्यांचा जन्म गेला. बसणाऱ्या माणसाला अक्कल नसते, असती तर त्यानेही खुर्च्या भाड्याने दिल्या असत्या, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग शहराचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा निघाला. रस्ता कुठे, बाजार कुठे, बाग कुठे, हे म्हणे रहिवाशांना विचारून ठरवायचं होतं. म्हणजे ठरलेलं होतंच, विचारायचं तेवढं राहिलं होतं.

पहिल्या सभेला नगररचना कार्यालयाने सभागृहभर खुर्च्या मागवल्या. आले कोण, तर एक निवृत्त मास्तर, जे टेकल्या टेकल्या झोपले, आणि दोन शेजारी, जे आपापसातल्या गटाराचं भांडण इथे घेऊन आले. फोटोवाला म्हणाला, ‘‘साहेब, कुठूनही काढला तरी रिकाम्या खुर्च्याच येतात.’’ नगररचनेच्या साहेबांचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा शेठ भिंत सोडून पुढे आले.

‘‘साहेब, पुढच्या वेळेपासून खुर्च्यांबरोबर माणसंही पाठवू का?’’

साहेबांनी विचार केल्यासारखं केलं. ‘‘माणसं रहिवासी हवीत हां,’’ ते म्हणाले.

‘‘राहतातच की कुठे ना कुठे,’’ शेठ म्हणाले.

पुढच्या सभेला सभागृह फुलून गेलं. शेठची बायको पहिल्या रांगेत, शेजारी भावजय, तिच्या मागे निम्मे हमाल आपापल्या बायकांसह, टेम्पोवाला आणि त्याची सगळी सासुरवाडी. वर चहा आणि बिस्किटं. शेठने सगळ्यांना घरीच शिकवून ठेवलं होतं, ‘‘साहेब ‘सहमत?’ म्हणाले की हिने हात वर करायचा. हिचा गेला की तुमचा. मध्ये डोकं चालवायचं नाही.’’ माणसं मोजायला आलेला कारकून मात्र अडला.

‘‘शेठ, ते मागे उभे आहेत, त्यांना धरू का?’’

‘‘ती आमची खुर्च्या उचलणारी माणसं. उभे ते धरू नका. बसलाय तो रहिवासी.’’

इतका सोपा नियम कारकुनाला उभ्या नोकरीत कुणी सांगितला नव्हता. त्याने तो मनावर घेतला.

आता कुणी विचारेल, गल्लीतले खरे शेजारी कुठे गेले होते? समोरच्या सुताराने विचारलंच, ‘‘आम्हाला का बोलवत नाहीस रे?’’

‘‘तू प्रश्न विचारतोस,’’ शेठ म्हणाले. ‘‘साहेबांना त्याचा त्रास होतो.’’

सभांमागून सभा झाल्या. पडद्यावर नकाशा यायचा, त्यावर गल्ल्यांची नावं नसायची, नुसते आकडे आणि रंग. साहेब बोलायचे, बायकोचा हात वर जायचा, मागे शेतात वारा शिरल्यासारखे बाकीचे हात. शेठ त्या वेळी बाहेर चहावाल्याशी हुज्जत घालत असायचे. आत काय चाललंय ते ऐकायची त्यांना गरज वाटत नव्हती. वीस वर्षांनी काय होणार याची काळजी बसणाऱ्यांनी करावी.

एका संध्याकाळी बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘‘अहो, आज पडद्यावर आपली पाण्याची टाकी दिसली. कोपऱ्यावरची. तिच्या शेजारी सगळं हिरवं रंगवलेलं होतं.’’

‘‘मग चांगलंय की. हिरवं म्हणजे बाग.’’

‘‘पण टाकीच्या शेजारी तर आपण आहोत. मला विचारायचं होतं त्यांना. पण तुम्ही म्हणाला होता डोकं चालवायचं नाही. केला हात वर.’’

शेठ हसले. बायकोला नकाशातलं काय कळतं, असं ते हसणं होतं. ते त्यांच्या तोंडावर गोडाऊनच्या दाराला नोटीस चिकटेपर्यंत टिकलं. गोडाऊन, वरच्या दोन खोल्या, अंगण आणि समोरचं सुताराचं दुकान, सगळ्यावर बागेचं आरक्षण पडलं होतं.

शेठ धावत कार्यालयात गेले. साहेबांनी प्रेमाने बसायला सांगितलं. शेठ उभेच राहिले.

‘‘साहेब, माझं घर जातंय!’’

‘‘अहो, पण तुमच्या गल्लीचा ठराव तर एकमताने झालाय. सगळ्या शहरात असा प्रतिसाद नाही.’’ साहेबांनी छापलेला आराखडा पुढे सरकवला. मुखपृष्ठावर शेठची बायको होती, हात उंच, चेहरा प्रसन्न. साहेबांना खरोखरच अभिमान वाटत होता, आणि हेच जास्त संतापजनक होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं छापूनही येतं, हे शेठना त्या दिवशी समजलं.

‘‘शेवटची सभा आहे अजून,’’ साहेब म्हणाले. ‘‘तिथे हरकत नोंदवा. आणि हो, खुर्च्या तेवढ्या वेळेवर पाठवा.’’

‘‘एक खुर्ची देणार नाही!’’ शेठ ओरडले. ‘‘बघतोच कशी होते सभा!’’

मग ते सुताराकडे गेले. ज्याला इतके दिवस दाराबाहेर ठेवलं त्याच्याच दारात उभे राहिले. सुतार रंधा मारत राहिला. ‘‘आता प्रश्न विचारले तर चालतील?’’ त्याने एवढंच विचारलं. पण तो आला, त्याचं दुकानही जाणार होतं. गल्लीतली बाकीची माणसंही आली. वरातीमागून घोडं निघालं ते असं.

सभा झाली, झोकात झाली. पलीकडच्या पेठेतल्या दुसऱ्या खुर्चीवाल्याने खुर्च्या पाठवल्या होत्या, पांढऱ्या, प्लास्टिकच्या, आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक माणूसही. धंद्यातली युक्ती कधी कुणा एकाची राहिली आहे? बसायला जागा उरली नव्हती. शेठ, बायको, सुतार आणि अख्खी गल्ली मागच्या भिंतीला लागून उभी राहिली.

‘‘सहमत?’’ साहेब म्हणाले. पहिल्या रांगेतल्या कुणा अनोळखी बाईचा हात वर गेला आणि मागून सगळे.

‘‘आमची हरकत आहे!’’ शेठ ओरडले. ‘‘आम्ही इथे राहतो! घरं आमची जाताहेत!’’ गल्लीने हात वर केले, सुताराने तर दोन्ही.

कारकून रांगा मोजत मोजत शेवटच्या खुर्चीपर्यंत आला आणि तिथे थांबला. शेठना बघून तो ओळखीचं हसला.

‘‘शेठ, तुम्हीच शिकवलंत ना? उभे ते धरायचे नाहीत.’’

‘‘अरे, पण ते वेगळं होतं!’’

‘‘नियम आहे,’’ कारकून म्हणाला, आणि कागदावर ‘हरकती : निरंक’ लिहून पुढे निघून गेला.

टाळ्या झाल्या, फोटो झाला, लोक बिस्किटांकडे धावले. गल्ली एकेक करून बाहेर पडली. जाताना एक खुर्ची कुणाच्या तरी धक्क्याने आडवी झाली होती. शेठ सवयीने वाकले, ती उचलली, फडक्याने पुसली आणि घडी घालायला गेले. प्लास्टिकची खुर्ची, तिला घडी नव्हती.

‘‘अहो, ठेवा ती,’’ बायको म्हणाली. ‘‘आपली नाहीये.’’