ओल्या रंगावरचं कुंकू

आज थिनरचा वास स्वयंपाकघरात आला आणि मला तो दसरा आठवला. ह्यांनी जुन्या फियाटचं इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जोडलं होतं. सकाळीच ते रॉकेलने पुसून, नळ्यांची तोंडं कागदाने झाकून त्याला हिरवा रंग दिला. ओझरच्या विमान कारखान्यातली नोकरी, त्यामुळे रंगावर धुळीचा कण बसलेला खपत नसे. मला तर जवळून झाडूही मारू देईनात.

हे अंघोळीला गेले आणि सासूबाई पूजेचं ताट घेऊन अंगणात आल्या. मी हातातलं तोरण टाकून धावले, तोवर इंजिनावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

हे बाहेर येऊन बघतच राहिले. आता सणाचा विचका होणार, असं मला वाटलं.

"आई, रंग ओला होता गं."

"बरंच झालं की. आता पुसलं जायचं नाही."

हे हसत सुटले.

सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मघाशी बाहेर डोकावले. तेच इंजिन पुन्हा रंगवायचं चाललंय. ह्यांनी नळ्यांची तोंडं कागदाने झाकली आहेत आणि ती बोटंही.