न वाजणारी पेटी

मिरजेच्या फलाटावर म्हैसूरची गाडी लागली, तेव्हा बाबांच्या बोटांना पॉलिशचा वास येत होता. अर्ध्या रंगवलेल्या तंबोऱ्यावरून उठून ते तसेच आले होते. माझ्या बॅगेवर तळवा ठेवून एवढंच म्हणाले, "नाही जमलं तर लाजू नकोस. दुकान आहे." दशम्यांचा डबा खिडकीतून देताना आई रडली नाही, म्हणून मीही रडले नाही.

आमच्या घरात आवाजाला शरीर होतं. बाबा भोपळ्याला कान लावून त्याचं पोकळपण ऐकत. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवत, आणि कोरडी तार एकाएकी मधाळ गुंजू लागे. त्या गुंजनात मी वाढले. नोकरी पत्करली ती मात्र गुंजन मिटवण्याची.

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या आमच्या छोट्या कंपनीत अंतराळात जाणाऱ्या पेट्या तयार होतात, बुटाच्या खोक्याएवढ्या. औषध कंपन्या त्यांत प्रथिनांची द्रावणं पाठवतात. तिथं वजन जवळजवळ नाहीसं होतं. तळाशी काही बसत नाही, द्रावणात प्रवाह उठत नाहीत. त्या निवांतपणात स्फटिक मोठे आणि रेखीव वाढू शकतात, आणि अशा स्फटिकांवरून नव्या औषधाची वाट सापडते. पण तिथं गरम हवाही आपसूक वर जात नाही, म्हणून पेटीत लहानसा पंखा लागतो. आणि पंखा आला की थरथर आली.

पहिल्या ग्राहकानं स्पष्ट बजावलं होतं: स्फटिक विस्कटलेले आले, तर दुसरी पेटी नको. दुसरी पेटी नाही म्हणजे कंपनी नाही, आणि माझ्या हाती मिरजेचं तिकीट.

सगळ्या चाचण्या पार पडून पेटी सीलबंद झाली होती. बेळगोळकडे जाणारा एक ट्रक रस्त्यावरून गेला, शेडच्या काचा हलून थांबल्या, आणि तरीही काहीतरी मागे उरलं. मी झाकणाला कान लावला.

शेजारच्या टेबलावरची गीता हसली. तिचं मराठी घराणं पिढ्यान्पिढ्या म्हैसूरचं. तिच्या मराठीला कानडीची फोडणी असते. "सुम्ने, उगाच काय कान लावून बसलीस गं? वीणा आहे का ती?"

"वाजतंय," मी म्हणाले.

आलेखात थरथर मर्यादेत होती. मला मात्र एक स्वर ऐकू येत होता, पातळ आणि हट्टी. पंख्याबरोबर पेटीचा पत्राच गात होता. सील उघडायचं, तर सगळ्या चाचण्या पुन्हा. पेटी सोपवायचा दिवस तर तोंडावर आलेला. तरी मी आमच्या मालकांना, राव सरांना, सांगितलं.

"खात्री आहे?"

"हो सर. चुकले तर मिरजेला दुकान आहे."

ते स्वतःच पाना घेऊन आले. पंख्याखाली मऊ रबर बसवलं, वेग उतरवला, आणि तो स्वर विरून गेला.

चाचण्या पुन्हा पार पडल्या, पेटी अवकाशात गेली. परत आली. मग ग्राहकाच्या प्रयोगशाळेतून फोटो आले, ते आधी गीतानं उघडले. "बंतु कणे," ती हळूच म्हणाली, "आले बघ." काळ्याभोर पडद्यावर पहाटेच्या दवासारखे स्फटिक, एकेक कड आखून काढल्यासारखी. खाली एकच ओळ होती: पुढच्या पेट्या कधी देता?

या हिवाळ्यात बाबा आले. डोक्याला धूळ अडवणारी टोपी, पायांत प्लास्टिकची पायताणं, स्पिरिटच्या वासानं नाक आक्रसलेलं. अशा थाटात ते नव्या पेटीपुढे उभे राहिले. कुणाला न विचारता वाकले आणि भोपळ्याला लावावा तसा झाकणाला कान लावला. पंखा चालू होता. राव सर, गीता आणि मी मागे उभे.

घर मिरजेला राहिलं आणि मी इकडे आले, असं मी वर्षानुवर्षं समजत होते. पण ज्या कानानं पेटी गप्प केली, तो मी घरातूनच तर आणला होता.

बाबा सरळ झाले. तंबोरा जुळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, तेच आलं होतं.

"काहीच वाजत नाही गं," ते म्हणाले.